‘ध’चा ‘मा’ कोण तपासणार?

पाऊस झोडपून गेला की दोन-तीन महिन्यांनी आमच्या जालना जिल्ह्यात भिंती वाचायचा हंगाम येतो. ग्रामपंचायतीच्या नाहीतर चावडीच्या भिंतीवर अतिवृष्टी अनुदानाची यादी डकवलेली असते. नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम आणि एका रकान्यात व्हीके नंबर. तो नंबर घेऊन सेवा केंद्रावर जायचं, अंगठा लावायचा, केवायसी झाली की पैसे खात्यावर पडतात. म्हातारी माणसं नातवाला सोबत आणतात. नातू बोट फिरवत नावं वाचतो आणि मागे उभं असलेलं अर्धं गाव ऐकतं.

अशाच एका भिंतीपुढे काही वर्षांपूर्वी मी माझ्या मावसभावाबरोबर उभा होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्याचा कापूस पाण्यात उभा राहून पिवळा पडला होता, पंचनाम्याला बांधावर कोणी आलं नव्हतं आणि यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. ‘पुढच्या यादीत येईल,’ म्हणाला. पण तिसऱ्या पानावर एका नावाशी तो थांबला.

‘दादा, ह्याच्याकडं तर कुंडीत तुळस बी नाही,’ असं म्हणून तो हसला. नावापुढे दीड हेक्टर लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, ‘तक्रार करू.’

‘कोणाकडं?’

‘तालुक्याला. साहेबांकडं.’

‘अन् यादी कोणी केली?’

२०२५ मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतलं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मला त्याचा हा प्रश्न आठवला. २०२२ ते २०२४ या काळातल्या नैसर्गिक आपत्तीच्या अनुदानात सुमारे पंचवीस कोटी रुपयांचा अपहार झाल्याचं प्रशासनाच्याच चौकशीत पुढे आलं. जमीन नसलेल्यांच्या नावावर जमीन दाखवली गेली, एकाच क्षेत्रावर दोनदा पैसे उचलले गेले, तहसीलदारांचे लॉगिन आणि पासवर्ड भलत्याच हातांनी वापरले, असे आरोप झाले. वीसहून अधिक तलाठी निलंबित झाले, अंबड पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल, तो माझा विषय नाही. मला खटकतं ते हे की यात गुपित असं काही नव्हतंच. याद्या भिंतीवर होत्या. कुंडीत तुळस नसलेला माणूस कोण, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी तीन हंगाम गेले.

याच घनसावंगी तालुक्यात जांब आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथल्या मंदिरातल्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या. आवाज विधानसभेपर्यंत गेला आणि दोन-अडीच महिन्यांत मूर्ती सापडल्या. देवाच्या चोरीला फिर्यादी होता, ठाणं होतं, तपास अधिकारी होता आणि चोर काही पोलीस खात्यातला नव्हता. अनुदानाच्या बाबतीत पंचनामा ज्यांचा, यादी त्यांची, तक्रार त्यांच्याकडे आणि चौकशीही त्यांचीच. जिल्हा प्रशासनाने आपल्याच माणसांवर कारवाई केली, हे त्याच्या श्रेयाचं आहेच. पण खमका अधिकारी बदलीने येतो आणि बदलीने जातो. ज्या वर्षी तो येणार नाही त्या वर्षाचं काय करायचं?

कागदातल्या फेरफारासाठी मराठीत एक जुना शब्दप्रयोग आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या चिठ्ठीतलं ‘धरावे’ खोडून ‘मारावे’ केलं गेलं, अशी आख्यायिका आहे. आनंदीबाईंनी ते केलं की कोणी दुसऱ्याने, की मुळात असं काही घडलंच नाही, याचा वाद इतिहासकारांनी घालावा. आपल्या मनावर कोरलेलं आहे ते पुढचं. रामशास्त्री प्रभुणे चौकशी करतात, ठपका थेट राघोबांवर ठेवतात आणि त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगतात. शाळेच्या स्नेहसंमेलनांत हा प्रवेश मी किती वेळा पाहिला असेल! शास्त्रीबुवा ताठ, राघोबा खाली मान घालून, टाळ्या, पडदा.

हा पडदा फार लवकर पडतो. त्यानंतर रामशास्त्रींनी पुणं सोडलं आणि ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. राघोबा पेशवे झाले. निकाल लागला होता, पण तो अमलात आणणारं कोणी नव्हतं. राघोबांना बाजूला सारलं ते नाना फडणवीस, सखारामबापू आणि त्यांच्या जोडीदारांनी, म्हणजे बारभाईंनी. १७७४ च्या एप्रिलमध्ये सवाई माधवराव जन्मले आणि कारभार त्यांच्या नावाने सुरू झाला. रामशास्त्री पुण्याला परतले ते बारभाईंच्या या कारभारात. बारभाईंना न्यायाची चाड किती आणि सत्तेची किती, हे विचारण्यात अर्थ नाही. खरं बोलायचं धाडस एकाने केलं, पण ते अमलात येणं दुसऱ्यांच्या सोयीवर राहिलं.

तेव्हापासून आपण रामशास्त्री शोधतो आहोत. ‘रामशास्त्री बाण्याचा’ अधिकारी, न्यायाधीश, संपादक. सापडला की हारतुरे देतो आणि त्याची बदली झाली की हळहळतो. त्याच्या शब्दाला हात जोडून देणाऱ्या बारभाईंची सोय कायद्यातच करून ठेवावी, हे मात्र आपल्याला सुचत नाही.

महाराष्ट्राला ते अर्धवट सुचलं होतं. स्वीडनने १८०९ मध्येच सरकारवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची तरतूद केली, त्याला ते लोक ओम्बुड्समन म्हणतात. आपल्याकडे लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी त्याला ‘लोकपाल’ हे छान नाव दिलं आणि १९६६ मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल, राज्यांत लोकायुक्त नेमावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ च्या ऑक्टोबरात लोकायुक्तांचं कार्यालय सुरूही केलं. ओडिशाचा कायदा आधीचा, पण प्रत्यक्ष कार्यालय थाटणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. रोजगार हमीसारखंच हेही आपण आधी केलं होतं, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. पहिलेपणाचा अभिमान बाळगावा तर तेवढ्यासाठीच, कारण पुढची गोष्ट तशी नाही.

या कायद्याप्रमाणे तक्रार विहित नमुन्यात, प्रतिज्ञापत्रासह करायची. नुसतं गाऱ्हाणं असेल तर बारा महिन्यांच्या आत, आरोप असेल तर तीन वर्षांच्या आत. लोकायुक्त चौकशी करतात आणि सरकारला शिफारस करतात. वार्षिक अहवाल राज्यपालांना जातो, तिथून सरकारच्या खुलाशासह विधिमंडळापुढे. शिफारस मानलीच पाहिजे असं बंधन नाही. कार्यालय मुंबईत, मंत्रालयासमोरच्या इमारतीत. आमच्या माणसाने रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसावं, सकाळी उतरावं आणि मंत्रालयाची तक्रार घेऊन मंत्रालयाच्या समोर जावं.

ही संस्था अगदीच निरुपयोगी नाही. अडलेलं निवृत्तिवेतन, रखडलेला मोबदला, हरवलेली फाईल अशा कामांत लोकायुक्तांच्या कार्यालयातून आलेल्या एका पत्राचा धाक असतो. ज्या बाबूने वर्षभर ‘वर पाठवलंय’ असं सांगितलं, त्यालाच ते कपाट अचानक सापडतं. म्हणजे गाऱ्हाण्याला उपाय मिळतो. आरोपाला मात्र मिळत नाही, कारण गाऱ्हाणं खालच्या टेबलावर मिटतं आणि आरोप वरच्या टेबलाला नकोसा असतो.

सर्वांत वरचं टेबल तर या कायद्याने सोडूनच दिलं होतं. १९७१ च्या कायद्यातल्या ‘मंत्री’ या शब्दाच्या व्याख्येत मुख्यमंत्री नव्हते. दहाच वर्षांत त्याची आठवण व्हावी असं घडलं. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांवरून गदारोळ झाला. वृत्तपत्राने प्रकरण उघड केलं, मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांनी राजीनामा दिला. १९८६ मध्ये आमच्या मराठवाड्याचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर पायउतार झाले, एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर. तिथेही पुन्हा कागदावरचा आकडा बदलण्याचीच गोष्ट, ‘ध’चा ‘मा’. दोन्ही वेळी नजर ठेवणारी संस्था मंत्रालयासमोर हजर होती आणि तिला तिकडे पाहण्याची परवानगी नव्हती.

शेजारच्या गोव्यात तर अधिकार असूनही काय होतं ते दिसलं. न्या. प्रफुल्लकुमार मिश्रा २०२० मध्ये गोव्याच्या लोकायुक्तपदावरून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी सरकारला सादर केलेले २१ अहवाल शिल्लक होते आणि सरकारने एकावरही कारवाई केलेली नव्हती. जाता जाता ते उद्वेगाने म्हणाले की ही संस्थाच बंद करून टाकावी. सरकारने ती बंद केली नाही. त्याहून सोयीचं केलं. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तिचे दात काढले.

कर्नाटकाची गोष्ट याच्या उलट सुरू होते. तिथल्या लोकायुक्तांना १९८४ च्या कायद्याखाली स्वतःचं पोलीस दल मिळालं. न्या. संतोष हेगडे यांनी खाणींवरचा अहवाल जुलै २०११ मध्ये दिला आणि त्याच महिन्याच्या शेवटी मुख्यमंत्री येडियुरप्पांना राजीनामा द्यावा लागला. पुढे २०१६ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयाने एका खटल्यात त्यांना निर्दोष सोडलं, हेही सांगायला हवं. पण हात असलेली संस्था काय करू शकते ते देशाने पाहिलं. अहवालानंतर चार वर्षांनी त्याच कार्यालयाच्या नावाने खंडणी मागितल्याच्या प्रकरणात त्या वेळच्या लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली आणि लोकायुक्तांना पद सोडावं लागलं. सरकारला हवं होतं ते निमित्त मिळालं. तपासाचे अधिकार काढून सरकारच्या हाताखालच्या नव्या विभागाकडे दिले गेले. तो विभाग २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा ते अधिकार परत आले. पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न जुना आणि घासून गुळगुळीत झालेला असला तरी बेंगळुरूला तो भलताच महाग पडला.

आता अण्णा हजारे. राळेगणच्या या माणसाविषयी मराठी माणसाच्या मनात आदर आणि वैताग सारख्याच मापाने भरलेला असतो. त्यांच्या आरोपांवरून नेमलेल्या न्या. पी. बी. सावंत आयोगाने २००५ मध्ये राज्यातल्या काही मंत्र्यांवर ठपका ठेवला आणि अण्णांच्या एका न्यासाच्या खर्चावरही. स्वतंत्र चौकशीची खूण म्हणून मला हे उदाहरण सर्वांत आवडतं, कारण ज्याने चौकशी मागितली तोही सुटला नाही. दुःख एवढंच की आयोग अहवाल देतो आणि विसर्जित होतो, गणपतीसारखा. २०११ च्या उपोषणांनंतर संसदेने लोकपाल कायदा केला, तो जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला. पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडला. आणि २०२५ मध्ये याच लोकपाल कार्यालयाने सात बीएमडब्ल्यू मोटारींची निविदा काढली. रामलीला मैदानावर टोप्या घालून बसलेल्यांपैकी कोणी ती बातमी वाचली असेल, तर त्याने काय केलं असेल कोण जाणे.

राज्यातही अण्णांच्या रेट्यामुळे नवा लोकायुक्त कायदा आला. विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये तो मंजूर केला, मग तो राष्ट्रपतींच्या संमतीच्या वाटेला लागला. मुख्यमंत्री अखेर कक्षेत आले, त्याच्या बातम्याही झाल्या. अट मात्र बारीक टायपात होती. मुख्यमंत्र्यांची चौकशी करायची तर विधानसभेची दोन-तृतीयांश बहुमताने पूर्वपरवानगी हवी. २८८ च्या सभागृहात म्हणजे १९२ आमदार. मुख्यमंत्री त्या खुर्चीत असतात तेच मुळी निम्म्याहून अधिक आमदार पाठीशी असतात म्हणून. त्यांच्याच पक्षाच्या आमदारांनी हात वर केल्याशिवाय हा दरवाजा उघडायचा नाही. दरवाजा बसवला आणि किल्ली घरमालकाच्या करगोट्याला बांधली.

लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहेच ना, असं कोणी म्हणेल. आहे, आणि सापळे लावण्यात तो वाकबगार आहे. जालना महापालिका झाली २०२३ मध्ये. २०२५ च्या ऑक्टोबरात तिच्या आयुक्तांनाच दहा लाखांची लाच घेतल्याच्या आरोपावरून या विभागाने अटक केली. पण सापळ्यासाठी पैसे मागितले गेलेला कोणीतरी पुढे यावा लागतो. यादीतल्या खोट्या नावात मागणारा आणि देणारा एकाच बाजूला असतात, तिथे पावडर लावलेल्या नोटा काय कामाच्या? शिवाय हा विभाग गृहखात्याचा, आणि २०१८ पासून अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर सरकारची आधी मंजुरी लागते. आणि लाचेपलीकडचंही बरंच काही असतं. भावाच्या नावाच्या कंपनीला कंत्राट, निवृत्तीनंतर त्याच ठेकेदाराकडे नोकरी, मतदारसंघ पाहून टाकलेला रस्ता. यात नोट हातात पडतच नाही. याला मराठीत ‘चालतंच’ असं म्हणतात.

मग हवं तरी काय? मला मोठ्या नावाची गरज वाटत नाही. हाँगकाँगमधली एक व्यवस्था मात्र डोक्यात राहिली आहे. तिथला एक बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असतानाच १९७३ मध्ये हाँगकाँगबाहेर निसटला आणि लोक रस्त्यावर आले. १९७४ मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा आयोग झाला, त्याने त्या अधिकाऱ्याला परत आणून तुरुंगात घातलं. तीन वर्षांनी पोलीसच या आयोगाच्या कार्यालयावर चालून गेले आणि गव्हर्नरला जुन्या प्रकरणांवर पडदा टाकावा लागला, तेव्हा तेही सगळं सुरळीत झालं असं नाही. पण त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. वस्त्यांमध्ये कार्यालयं उघडली, जिथे माणूस पायी जाऊन तोंडी तक्रार देऊ शकेल. आणि तक्रार बंद करायची असेल तर नागरिकांच्या समितीपुढे कारण सांगायचं, अशी शिस्त लावली.

जालन्याच्या मापाने हे कसं दिसेल? लोकायुक्तांचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी असावं, आणि कलेक्टर कचेरीच्या आवारात तर नसावंच. तक्रार तोंडी चालावी, लिहून घेणं हे कार्यालयाचं काम. तपासाला त्यांची स्वतःची माणसं हवीत, महसूल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेली आणि तिथेच परत जाणारी नकोत. वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून चौकशी सुरू करता यावी. शिफारस गेली की सरकारने नव्वद दिवसांत मान्य केली की नाही ते कारणासह सांगावं. नाही सांगितलं तर ती मान्य झाली असं समजावं. या शेवटच्या वाक्यात माझे बारभाई आहेत. सरकारला ‘नाही’ म्हणायचा अधिकार जरूर असावा, पण ते त्याला सगळ्यांसमोर, तारीख घालून आणि सही करून म्हणावं लागावं. गोव्यातल्या त्या २१ अहवालांवर कारवाई झालीच नाही. ते नुसते पडून राहिले. आणि लोकायुक्तांच्या स्वतःच्या कारभाराचा हिशेब उच्च न्यायालयापुढे जावा, म्हणजे बेंगळुरूची पुनरावृत्ती झालीच तर संस्था न मोडता माणूस बदलता येईल.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. एका निवृत्त तहसीलदारांनी मला सांगितलं, ‘तुमचा हा लोकायुक्त जिल्ह्यात आला की कोणी सहीच करणार नाही. पंचनामा चुकला तर चौकशी, नाही केला तर मोर्चा.’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं, पाऊस थांबायच्या आत पंचनामे पूर्ण करायचा आदेश, वर निवडणुकीचं काम. माहितीच्या अधिकाराचा धंदा करणारे जसे निघाले तसे या तक्रारींचेही निघतील. म्हणून चूक आणि लबाडी यांत फरक करणारी नजर हवी, आणि ती फक्त कागद वाचून येत नाही, बांधावर जाऊन येते. मुंबईत बसलेल्या संस्थेला तो बांध दिसणार नाही, हेच तर मी म्हणतो आहे.

दुसरा आक्षेप माझा माझ्यावरच आहे. अनुदान आता थेट खात्यात जातं. खोट्या नावाचे पैसे उचलायचे तर कोणाचं तरी खरं खातं लागतं आणि कोणाचा तरी खरा अंगठा. कुंडीत तुळस नसलेल्या त्या माणसाला दीड हेक्टरमधलं काय मिळालं असेल? बहुतेक थोडं, बाकीचं वर गेलं असेल. पण अंगठा त्याचा होता, आणि आम्ही दोघं भिंतीपुढे उभे राहून हसलो, तेव्हा त्यात आमचंही काहीतरी होतं. घरी येऊन चहा पिताना मावसभाऊ म्हणाला, ‘जाऊ द्या दादा, गावातलाच आहे.’ मी जाऊ दिलं. त्या वर्षी मी कुठेच तक्रार केली नाही, आणि आज लोकायुक्तांच्या रचनेवर दोन हजार शब्द लिहितो आहे.

तेव्हा जिल्ह्याला कार्यालय मिळेल तेव्हा मिळो. २६ जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा असते. भिंतीवरची यादी काढून आणा आणि ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगा. नावापुढचं क्षेत्रही.